गोगलगायीचे ठिपके

१२ जानेवारी

प्रिय छोट्या,

फोन का नाही केला म्हणून तोंड वाकडं करशील, म्हणून आधीच सांगते. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मी तुझं. कागदावर निदान दोघांनाही शेवटपर्यंत बोलता येतं. शिवाय सोबतचा पेनड्राइव्ह पाठवायचा होताच.

काम आहे, आणि महत्त्वाचं आहे. हसू नकोस.

माझ्या गोगलगायी तुला माहीत आहेत. तळ्यातल्या, नखाएवढ्या, प्रयोगशाळेच्या खिडकीशी काचेच्या टाकीत असतात त्या. मागे आलास तेव्हा ‘ताई, ह्या हलतात कधी?’ असं विचारून मला लाज आणली होतीस. तर टाकीतले मासे कधी कधी त्यांची शिंगं कुरतडतात, आणि तुटलेलं शिंग पुन्हा उगवतं. हे जगाला ठाऊक आहे. नेमकं कुठून उगवतं, हे मात्र मी शोधलंय. ते इथे लिहीत बसत नाही, पेपर छापून आला की वाच. छापून आला तर.

आजवर माझं नाव बऱ्याच पेपरांत आलं, पण नेहमी मोठ्या सरांच्या मागे, रांगेत कुठेतरी तिसरं-चौथं. टाकीतलं पाणी मी बदलायचं, रात्रंदिवस डोळे मी फोडायचे आणि नाव पुढे त्यांचं. आता सर निवृत्त झाले. हा पेपर माझा एकटीचा आहे. या वयात हे मिरवावं की लपवावं कळत नाही, पण आनंद होतोय हे खरं.

ज्या जर्नलला तो पाठवायचा, त्यांच्या नियमांनी मात्र माझ्या नाकी नऊ आणले आहेत. सारांश अडीचशे शब्दांच्या आत हवा. माझा केव्हाच वर गेला होता, मग एकेक विशेषण उपटून काढलं. नाव फक्त पहिल्या पानावर, पुढे कुठेही नाही, म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये की लिहिणारं कोण. संदर्भ त्यांच्याच पद्धतीने. प्राण्यांचे हाल केले नाहीत याचं निवेदन, कुणाशी लागेबांधे नाहीत याचं निवेदन, हे दुसरीकडे कुठे छापलेलं नाही याचं निवेदन. सासूनेही सुनेकडून इतकं लिहून घेतलं नसेल.

आता राहिले फोटो. आठ फोटो एका पानावर, दोन रांगांत. रुंदी त्यांनी सांगितली तेवढीच. प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात अक्षर, सगळी अक्षरं एका मापाची. मी करायला बसले तर गोगलगायी दबल्या आणि एका अक्षराने एकीचं डोकंच झाकलं. तू रोज लोकांचे अल्बम लावतोस. तुझ्या हातची मांडणी मला इथे कुणाकडून मिळणार नाही. मापं चिठ्ठीवर लिहिली आहेत.

आईला सांग, खोकल्याचं औषध चमच्याने मोजून घे, बाटलीला तोंड लावू नकोस.

तुझी,
ताई


२० जानेवारी

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या, देखण्या, जगप्रसिद्ध होऊ घातलेल्या भावाचा वाकून नमस्कार.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. आई, बायको आणि पासपोर्टच्या फोटोला आलेले एक गृहस्थ, असे तिघे श्रोते होते. ‘माझा एकटीचा’ या शब्दांपाशी आई म्हणाली, परत वाच. मी परत वाचलं. मग तिने त्या गृहस्थांना सांगितलं की माझी लेक लहानपणी डार्करूममध्ये तासन्‌तास बसायची, फोटो वर येताना बघायची, तेव्हाच मला कळलं होतं. तिला तेव्हा काय कळलं होतं ते देवच जाणे. तेव्हा तर ती तुला अंधारात बसून डोळे बिघडवशील म्हणून ओरडायची.

काम झालंय. पेनड्राइव्ह सोबत आहे. मापं तुझ्या चिठ्ठीबरहुकूम, अक्षरं एका रेषेत. प्रत्येक फोटोत खाली एक पांढरी आडवी रेघ होती. ओरखडा समजून पुसायला निघालो, तेवढ्यात बायको म्हणाली, सगळ्या फोटोंत एकाच जागी ओरखडा कसा पडेल? मग राहू दिली. डोकं तिला आहे, दुकान माझ्या नावावर आहे इतकंच.

तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. एक नवरदेव अल्बमसाठी दोनदा येऊन गेला, त्याला म्हटलं, थांबा, आधी आमच्या घरचं कार्य आहे. बाबांच्या हाताखाली शिकलो ते सगळं या आठ फोटोंत ओतलंय. आणि बाबांची पद्धत तुला माहीतच आहे. गिऱ्हाइकाच्या हातात फोटो द्यायचा, त्याचा चेहरा खुलला की समजायचं काम झालं. आपण काय केलं ते तोंडाने सांगायचं नाही. तेव्हा मीही सांगत नाही. तू बघ आणि खूश हो.

आईचा सत्तरीचा मोठा फोटो अजून काउंटरच्या मागेच आहे. त्याच्याकडे बघून ती अजून रोज विचारते, ही बाई कोण?

तुझा,
छोट्या


२ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

गेला! पेपर गेला!

काल सकाळी बसले. साइटवर एकेक फाइल चढवायची, प्रत्येक वेळी ते विचारणार, ही काय आहे? पहिलं पान. मजकूर. एडिटरला पत्र. त्या पत्रावर मी आठवडा घातला, कारण त्यात स्वतःची स्तुती करायची असते पण ती स्तुती वाटता कामा नये. आपल्या घरात हे कुणाला जमलेलं नाही. मग तुझं चित्रांचं पान. आणि त्यांच्या नियमाप्रमाणे मूळ फोटो, कॅमेऱ्यातून आले तसे, वेगळे. शेवटी एक बटण येतं. त्यावर बोट ठेवून मी थोडा वेळ तशीच बसले, मग दाबलं.

छोट्या, तुझं पान इतकं सुरेख झालंय! आमचे विभागप्रमुख, म्हणजे कुणाचं कौतुक करताना ज्यांचे दात दुखतात ते, दारातून चालले होते ते आत आले. म्हणाले, हे आपल्या जुनाट सूक्ष्मदर्शकातले फोटो वाटतच नाहीत. मी म्हटलं, काच पुसायची सवय असली की दिसतं. फुशारकी मारली थोडी. आणि मांडणी माझ्या भावाची आहे, हेही सांगितलं.

ती पांढरी रेघ म्हणजे मोजपट्टी. गोगलगाय खरी केवढी, ते त्यावरून कळतं. पुसली असतीस तर जर्नलने मला दारातूनच परत पाठवलं असतं. तुझ्या बायकोला माझ्याकडून एक साडी.

ताई


११ फेब्रुवारी

ताई,

साडी निळी चालेल असा निरोप आहे.

बाकी, पान एक नंबर झालं हे मला आधीच माहीत होतं. मी एक प्रत काढून दुकानात ठेवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. काल एका बाईंनी विचारलं, गोगलगायींचे फोटो कोण काढून घेतं? म्हटलं, माझी बहीण शास्त्रज्ञ आहे. त्या म्हणाल्या, अगंबाई! त्या ‘अगंबाई’वर मी रात्रीपर्यंत तरंगत होतो.

छोट्या


६ मार्च

छोट्या,

एकाच गोष्टीचं उत्तर दे, आणि विनोद न करता दे.

माझ्या फोटोंतून तू काही काढलंस का?

जर्नलने पेपर परत पाठवलाय. चित्रांचं पान आणि मूळ फोटो त्यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि दोन्ही एक नाहीत. महिन्याच्या आत खुलासा मागितलाय. समाधान झालं नाही तर ते कॉलेजला कळवणार. अशा बाबतीत फसवणूक हा शब्द वापरतात. माझं एकटीचं नाव असलेला पहिला पेपर, आणि त्याच्यापुढे हा शब्द.

ताई


११ मार्च

ती. ताई,

हो. काढलं.

काय काढलं तेही सांगतो. काळे बारीक ठिपके होते. तुटलेल्या शिंगाच्या टोकाशी तर गर्दीच होती. मला वाटलं धूळ आहे, काचेवरची घाण आहे. एवढ्या मोठ्या ठिकाणी माझ्या बहिणीचं काम जाणार, तिथल्या लोकांनी म्हणायला नको की हिला काच पुसता येत नाही. म्हणून एकेक ठिपका काढला. तीन दिवस त्यातच गेले. मांडणी तर अर्ध्या दिवसात झाली होती.

तुला सांगितलं नाही, कारण आपल्या दुकानात ते सांगायचं नसतं. नवरीच्या कपाळावरचा व्रण काढायचा आणि तिच्यासमोर त्याचा उच्चारही करायचा नाही, हे बाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं. ती माणुसकी आहे असं ते म्हणायचे. मला अजूनही ती माणुसकीच वाटते, ताई. पण तुझ्या कामात ती चालत नाही हे मला कसं कळणार होतं?

नाही, हे मी चुकीचं लिहिलं. तुला विचारलं असतं तर कळलं असतं.

तू एक कर. सगळं माझ्यावर ढकल. लिही, की एका अडाणी फोटोवाल्याने माझ्या अपरोक्ष केलं. मी सही करून देतो, अंगठाही देतो. माझं काय जातंय? मला कुठे गोगलगायी पाळायच्या आहेत.

दुकानातली प्रत उतरवली आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, पण ती दोन दिवस माझ्याकडे बघतेय.

छोट्या


१७ मार्च

प्रिय छोट्या,

तुझं पत्र वाचून आधी टेबलावर आपटलं, मग बाहेर एक चक्कर मारून आले, मग परत वाचलं.

तू काय पुसलंस ते ऐक. माझ्या पेपरात एवढंच तर आहे. शिंग तुटलं की आधी तुटल्या जागी काळे ठिपके जमतात, आणि ते जिथे जमतात तिथूनच नवं शिंग फुटतं. ते ठिपके मी सहा पावसाळे पाहत आलेय. सारांशात ठिपके, निष्कर्षात ठिपके, चित्राच्या खाली ‘बाणाजवळचे ठिपके पाहा’. आणि तुझ्या पानावर मी नंतर टाकलेला बाण कुठे दाखवतो, तर तू गुळगुळीत केलेल्या जागेकडे!

हे घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून. त्यांनी दोन्ही फोटो पाहिले, मजकूर पाहिला, आणि मग ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. म्हणाले, बाई, नसलेला पुरावा फोटोत घुसवणारे मी पाहिलेत. स्वतःचाच पुरावा पुसून पाठवणारं माणूस आज पहिल्यांदा पाहिलं. मला हसू आलं नाही. आता हे लिहिताना थोडं येतंय.

तुझ्यावर ढकलणार नाही. तू असं लिहिलंस याचाच मला जास्त राग आला. त्या बटणावर बोट माझं होतं. पाठवण्याआधी तुझं पान मूळ फोटोंशी ताडून बघणं माझं काम होतं. मी पान पाहिलं, आणि मला त्यात ठिपके दिसलेसुद्धा. तिथे ते असतात हे मला इतकं पाठ आहे. दुसऱ्यांच्या पेपरात असं झालं असतं तर मी काय काय बोलले असते, त्याची मला कल्पना आहे.

म्हणून एडिटरला सरळ लिहिलंय. माझा भाऊ फोटोंचा व्यवसाय करतो, त्याच्या व्यवसायात डाग काढणं हे चांगलं काम समजलं जातं, मी त्याला नियम समजावले नाहीत आणि आलेलं काम तपासलं नाही, जबाबदारी माझी. ‘अडाणी’ हा शब्द त्यात नाही. माझ्या भावाला मी अडाणी लिहिणार नाही, मग पेपर छापून येवो की न येवो.

आता मला एक सांग. कंप्युटरवर काढलेले ठिपके परत आणता येतात का? कुठला ठिपका कुठून काढला हे त्यांना दाखवता आलं तर बरं होईल.

ताई


२२ मार्च

ती. ताई,

येतात! सगळेच्या सगळे येतात!

मूळ फोटोवर मी कधीच पुसत नाही. त्यावर एक पातळ थर घालतो आणि जे काढायचं ते त्या थरावर झाकतो. थर उचलला की खाली सगळं जसंच्या तसं. हेही बाबांचंच, ते मूळ निगेटिव्हला कधी हात लावायचे नाहीत. ते म्हणायचे, गिऱ्हाईक उद्या आलं आणि म्हणालं मला माझा व्रण परत द्या, तर देता आला पाहिजे. आजवर कुणी मागायला आलं नव्हतं. तू पहिली.

दोन फाइली पाठवतोय. एकीत थर वेगळा ठेवलाय, तो बंद-चालू केला की त्यांना माझी सगळी कामगिरी एका दमात दिसेल. दुसरीत नवं पान, नुसती मांडणी. शपथेवर सांगतो, ताई, हात बांधून बसल्यासारखं झालं. पाचव्या फोटोत कोपऱ्यात एक केस आहे. तो तुझा ठिपका नाही, केसच आहे, बहुतेक तुझ्याच डोक्यावरचा. हात इतका शिवशिवला की बायकोने माऊस काढून घेतला. केस आहे तिथेच आहे.

आईला सांगितलं. ती रागावली नाही. काउंटरमागच्या स्वतःच्या फोटोकडे बोट करून म्हणाली, माझ्या हनुवटीवरचा मस पण असाच काढलास ना? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, तुझ्या बापाला तो आवडायचा.

उत्तर आलं की लगेच कळव. फोन केलास तरी चालेल, मी मध्ये बोलणार नाही.

छोट्या


३० ऑगस्ट

माझ्या प्रिय छोट्या,

फोनवर मी धड बोलले नाही हे मला माहीत आहे. रडणं आणि बोलणं एकदम जमत नाही. आता सविस्तर लिहिते.

खुलासा त्यांनी एप्रिलमध्येच मान्य केला होता, ते तुला तेव्हा कळवलंच. एडिटरबाईंनी लिहिलं होतं की थराची फाइल त्यांनी कार्यालयात सगळ्यांना दाखवली, आणि इतकं नीट काम करणारा माणूस चुकीच्या बाजूला गेला नाही हे बरंच झालं. मग पेपर दोन तपासनिसांकडे गेला. एकाने शेपटाला धरून झोडपावं तसं झोडपलं, आणखी मोजमापं मागितली, ती मी दिली. दुसऱ्याने मात्र एक ओळ लिहिली आहे, ती तुझ्यासाठी इथे उतरवते. ‘चित्रे जशी आहेत तशी ठेवली आहेत, एका फोटोत केसही दिसतो, त्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसतो.’

वाचलंस? तो केस खरंच माझा आहे.

परवा पेपर छापून आला. पहिल्या पानावर माझं नाव. पुढेही कुणी नाही, मागेही कुणी नाही, एकटंच. विभागप्रमुखांनी त्याची प्रत सूचनाफलकावर लावली, आणि तिरकी लागली म्हणून स्वतः सरळ केली. मोठ्या सरांचा फोन आला. पहिल्यांदाच ते मला काय सांगायचं ते विसरले आणि नुसतं ‘छान, छान’ म्हणत राहिले. माझी छाती किती फुगली म्हणून सांगू! या वयात शोभत नाही, पण कुणाला शोभावं म्हणून मी आता काही करणार नाही.

शेवटच्या पानावर आभार असतात. ते तू शेवटी वाचशील म्हणून मीच आधी सांगते. ‘चित्रांची मांडणी लेखिकेच्या धाकट्या भावाने केली. त्याने काहीही काढलेले नाही.’ एडिटरबाईंनी विचारलं, दुसरं वाक्य हवंच का? म्हटलं, तेच हवंय.

सोबत पाचव्या फोटोची मोठी फाइल आहे. तुला काय करायचं ते कर.

तुझी,
ताई


१० सप्टेंबर

ती. ताईस,

फोटो शोकेसमध्ये लावला. बरोबर मधोमध, एका बाजूला एक नवं जोडपं, दुसऱ्या बाजूला दुसरं. गोगलगाय चांगली हातभर मोठी केली आहे. ठिपके आता वाटाण्याएवढे दिसतात, केस दोरीएवढा. माझ्या दुकानात मी हात न लावलेला हा पहिलाच फोटो.

काल एक जुने गिऱ्हाईक काचेसमोर थांबले. आत येऊन बसले आणि म्हणाले, अहो, तुम्ही तर एवढे नावाजलेले, मग हिचे डाग का नाही काढले? म्हटलं, त्यांचीच तर किंमत आहे. मग आभारांचं पान त्यांच्यासमोर ठेवलं. दुसरं वाक्य मी बोट ठेवून वाचून दाखवलं. त्यांना काही कळलं नाही, पण माझा आवाज ऐकून ते उठून उभे राहिले.

आणि ताई, आईच्या फोटोवरचा थर मी उचलला. हनुवटीवरचा मस आला, डोळ्यांखालच्या सुरकुत्या आल्या, ओठांवरची ती वाकडी रेघ आली, आपल्याला रागावताना दिसते ती. तोच फोटो नव्याने छापून काउंटरच्या मागे लावला आणि तिला काही सांगितलं नाही. सवय जात नाही बघ.

ती दुपारी डबा घेऊन आली. डबा ठेवला, वर फोटोकडे बघितलं. मग स्वतःच्या हनुवटीला हात लावला आणि खुर्चीत बसली. आज पहिल्यांदा तिने विचारलं नाही, ही बाई कोण.

छोट्या